टीडीएसचा पेन आणि आपला बोअर

गेल्या महिन्यात घरी आरओवाला पोरगा आला. खिशातून पेनासारखं मीटर काढून त्यानं ते बोअरच्या पाण्यात बुडवलं आणि मान हलवली. "काका, टीडीएस लई आहे, हे पाणी पिण्यासारखं नाही." आई आतून म्हणाली, हे सांगायला मीटर कशाला पाहिजे? तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉईल दोन वर्षांत पांढरी होऊन जाते. नांदेड-लातूरकडं ज्याच्या घरी आड किंवा बोअर आहे त्याला हे नवीन नाही.

पण मला वाटतं, आपण चुकीच्या गोष्टीला भितोय. जड पाणी त्रासदायक आहे, खर्चिक आहे, मान्य. तरी जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा ठरवलेली नाही. ती ठरवली आहे नायट्रेट आणि फ्लोराईडसाठी. आणि या दोघांना ना चव, ना वास, ना रंग. भांड्यावर थर बसत नाही. तो पेनसुद्धा पाण्यात एकूण किती विरघळलंय तेवढंच सांगतो, काय विरघळलंय ते नाही.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल बघा. महाराष्ट्रातल्या सुमारे ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर आहे, आणि देशातल्या सर्वांत बाधित १५ जिल्ह्यांत नांदेड आहे! बीडही आहे. हे येतं कुठून? युरियातून, उकिरड्यातून, गोठ्यातून आणि संडासाच्या खड्ड्यातून. सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांचा आपला 'नांदेड पॅटर्न' राज्यभर गेला, डास कमी झाले, चांगलंच काम ते. पण संडासाचा खड्डा आणि पिण्याचा बोअर यांच्यात किती अंतर आहे, हे किती घरांत मोजलं? आमच्या घरी मी परवा मोजलं. जेमतेम तीस फूट. लाज वाटली.

नायट्रेटचा खरा धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या लेकरांना असतो. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, लेकरू निळं पडतं. आणि आपण काय करतो? बाळासाठी पाणी उकळून घेतो. उकळून जंतू मरतात, थोडा जडपणाही खाली बसतो, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. तुरटीचाही उपयोग नाही.

फ्लोराईडचं दुखणं वेगळं. ते खडकातून येतं. किनवट-माहूरकडच्या पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. दीड मिलिग्रॅमच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात, मग सांधे.

हे आपल्या लक्षात का येत नाही, याचं एक कारण मला ताईच्या घरी सापडलं. ताई लातूरला असते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पहिलं ५ लाख लिटर पाणी आलं, ते दिवस तिनं काढलेत. तेव्हापासून तिकडं एकच प्रश्न: पाणी आहे का? कसं आहे, हे विचारायची सवयच राहिली नाही. बोअरला पाणी लागलं की नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, झालं.

नळयोजनेच्या पाण्याची तपासणी कुणाच्या तरी गळ्यात आहे. घरच्या बोअरचा वाली कोण? आपणच. आरओनं नायट्रेट आणि फ्लोराईड बरंच कमी होतं, पण मेंब्रेन वेळेवर बदललं तरच. आणि ज्याला आरओ परवडत नाही त्यानं काय करायचं?

मोटार पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत जा. नायट्रेट आणि फ्लोराईड तपासा, असं तोंडानं सांगा. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. जलजीवन मिशनमध्ये गावागावात महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं होतं. तुमच्या गावातलं किट कुठल्या कपाटात आहे, हेही विचारा.

आमच्या बोअरचं नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. पिण्यासाठी नळाचं पाणी भरायला लागलोय, आई कुरकुर करते. गल्लीतल्या आणखी सहा घरांच्या बाटल्या सोमवारी घेऊन जातोय. सगळे रिपोर्ट १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. कुणाला बाटली द्यायची असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत घरी आणून द्या.