तंबू ठोकण्यापूर्वी तिथी पाहा

मैत्रिणींनो, नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या नारायण पेठेत घरोघरी एकच प्रश्न, ‘यंदा कुठे?’ गाडीत तंबू टाकून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायची हौस हल्ली पुष्कळांना आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर करावे, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून वेसवीला उतरावे, नि वेळास, केळशी, आंजर्ले असे वळणावळणांनी पुढे जावे. दशम्या, मेतकूट तर तुम्ही न सांगताच घ्याल. मला सांगायचे आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल.

मुलांना चांदणे दिसावे म्हणून बहुतेक जणी पौर्णिमा निवडतात. संध्याकाळी पाचला पोचावे तर समुद्र लांब गेलेला, वाळू कशी सपाट नि घट्ट! तंबूला जागा अगदी पसंत पडते. पण ती ओहोटी असते, बरं का. भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे. येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. मुले गाढ झोपलेली, आणि त्यातून उधाणाची भरती! अष्टमीला तीच सहाच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. हा अंदाज आहे. वेळ थोडी मागेपुढे होते, तेव्हा गावातल्या कोळीदादांना विचारावेच.

वाळूवर काटक्या-शिंपल्यांची ओळ दिसते, ती मागच्या भरतीची खूण. तंबू तिच्या पुष्कळ वर, शक्यतो गावाच्या बाजूला एखाद्या वाडीत, मालकांना विचारून ठोकावा. माडाखाली मात्र नको, नारळ पडतो.

ही रेघ रोज हलते. पण सगळी मिळून ती वर्षानुवर्षे हळूहळू वरही सरकते आहे. त्याचे एक कारण दूरच्या बर्फात आहे. आपली गंगोत्रीची हिमनदी मागे हटते आहे. अलास्काच्या खडकाळ किनाऱ्यावर सीवर्ड गावाजवळ ‘एक्झिट’ नावाची हिमनदी आहे. तिच्या वाटेवर सालांच्या पाट्या आहेत, त्या त्या साली बर्फ कुठवर होते ते दाखवणाऱ्या. असे वितळलेले पाणी शेवटी समुद्रात येते, शिवाय उष्णतेने समुद्राचे पाणी फुगते. १९०० सालापासून जगभर समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, म्हणजे जवळजवळ वीतभर. वीत ती काय, असे वाटेल. पण ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’सारखे चक्रीवादळ आले की पाणी तेवढ्याच उंचीवरून आत शिरते. त्या वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या.

म्हणून मुलांना एक उद्योग द्या. देवळाची पायरी किंवा दगडी गडगा अशी न हलणारी खूण धरून भरतीच्या ओळीपर्यंतचे अंतर मोजायला सांगा. पावलांनी नको, मुले वाढतात! मीटर-मीटरवर गाठी मारलेली सुतळी न्या. वहीत गाव, तारीख, तिथी लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच तिथीला पुन्हा मोजा. एका वर्षाच्या फरकाने घाबरू नका. पावसाळ्यात वाळू जाते नि पुढे परतही येते. दहा वर्षांची वही झाली की तिच्यात वाचण्यासारखे काही असेल.

यंदा कोणत्या गावी गेलात आणि सुतळीच्या किती गाठी भरल्या, ते जरूर कळवा.