नाकाची साक्ष

मराठीने व कोंकणीने एका इंद्रियावर मोठा अन्याय केला आहे. संस्कृतात ज्याला घ्राण म्हणतात ते पाच ज्ञानेंद्रियांपैकी एक. परंतु तोच शब्द झिजत झिजत आपल्या तोंडी आला तो ‘घाण’ होऊन. दर्शन हे देवाच्या भेटीचे नाव झाले, श्रवण ही नवविधा भक्तीची पहिली पायरी ठरली, आणि घ्राणाच्या वाट्याला उकिरडा आला. नाक आपण राखतो ते अब्रू म्हणून. ते कापले जाते, मुरडले जाते, घासले जाते. हुंगणे हे मात्र कुत्र्यामांजरांचे काम, अशी आपली समजूत.

एवढ्यावरच भागते तर आम्ही लेखणी उचलली नसती. हाच पंक्तिप्रपंच कायद्याच्या पुस्तकात आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ३२० व्या कलमाने ‘जबर दुखापत’ म्हणजे काय याची यादी दिली. तीत डोळ्याची दृष्टी कायमची जाणे आले, कानाची श्रवणशक्ती जाणे आले, हाड मोडणे आले, इतकेच काय, दात पडणेही आले. घ्राणशक्ती जाणे आले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ११६ व्या कलमात हीच यादी पुन्हा उतरली. असह्य वेदनांच्या वीस दिवसांचे पंधरा करण्याइतकी नजर त्या यादीवरून फिरली, पण नाकाकडे ती वळली नाही. नाक हाही ‘अवयव’ असून त्याची शक्ती नष्ट झाली, असा युक्तिवाद कोणी वकील करील. प्रसंग आला तर आम्हीही करू. परंतु डोळा आणि कान यांची नावे घेऊन ज्या कायद्याने पाने वाढली, त्याने नाकाला अवयवांच्या गर्दीत उभे ठेवले, ही गोष्ट राहतेच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात करंगळीच्या टोकालाही टक्केवारी होती, पूर्ण बहिरेपणाला शंभर टक्के होते. घ्राणासाठी शून्यसुद्धा लिहिलेले नव्हते.

वास गेला तर माणसाचे जाते काय, असे विचारणाऱ्यांना २०२० आणि २०२१ ही साथीची वर्षे आठवत असतील. ज्यांचा वास गेला त्यांची चवही बहुतांशी गेली. भात करपला तरी कळेना, आणि आपल्याच घरात परक्यासारखे वाटू लागले. यात नवल नाही. लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली वासाचे ग्राहक उजेडात आणले व २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रंग ओळखण्यास डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी पुरतात. वासासाठी माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांचा निरोप मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांकडे जवळच्या वाटेने पोहोचतो. मराठीत वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे वस्तीही. हा योग भाषेने साधला तो उगाच नव्हे.

आता सिल्वासाकडे पाहावे. नगर हवेलीत ऋतू पंचांगाआधी नाकाला कळत. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळत आणि वारल्यांच्या पाड्यांवर त्यांचा गोड, जड दरवळ उतरे. वैशाखात राब भाजल्याचा धूर येई. मग पहिल्या पावसाची माती. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, असे वैशेषिकांनी म्हटले ते अशाच एखाद्या सकाळी सुचले असावे. खानवेल-दुधनीच्या रानांत हे अजून सर्व आहे. पण पिपरिया येथे १९६५ साली पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे करसवलतींच्या ओढीने मसाट, खडोली, नरोली या बाजूंना कारखाने दाटले, आणि कुठे वितळलेल्या प्लॅस्टिकचा, कुठे द्रावकांचा वास हाच तेथला ऋतू झाला. शेजारी वापी आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात तिने १०० पैकी ८८.०९ गुण मिळवून देशात दुसरा क्रमांक पटकावला होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दमणहून येथवर येण्याच्या वाटेचा हक्क मागितला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने प्रवासी व माल यांच्यापुरता तो पूर्वी होता असे मानले, सैन्य व शस्त्रे यांना नाकारले. वापीच्या वाऱ्याला असा कोणताच दावा लावावा लागला नाही.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, वासाने कोणी मरत नाही, कारखान्याने पोट भरते. पोट भरते हे आम्हांस पूर्ण मान्य. वारल्याच्या मुलाने पगार सोडून पुन्हा सावकाराच्या दारी उभे राहावे, अशी इच्छा निसर्गप्रेमाच्या नावाखाली जो धरील त्याच्याशी आमचे नाते नाही. परंतु द्रावकांच्या वाफेत वर्षे काढून ज्याचे नाक बधिर झाले त्याला वायू गळत असल्याची सूचनाच मिळत नाही. त्याच्या पगाराच्या हिशेबात ही बाब कोठे लिहिली आहे, एवढेच आमचे विचारणे आहे.

दुसरे उत्तर अधिक शहाणपणाचा आव आणते: वास ज्याच्या त्याच्या नाकावर असतो, तो मोजणार कसा? आवाजही ज्याच्या त्याच्या कानावर असतो. तरी २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलीच. आपल्या हवेच्या मानकांत अमोनियासारख्या काही वायूंना सीमा आहे; वासाला वास म्हणून नाही. जपानने १९७१ मध्येच दुर्गंधीचा स्वतंत्र कायदा केला आणि १९९५ च्या दुरुस्तीने माणसाच्या नाकालाच मापक नेमले. तीन पिशव्यांपैकी एकीत वासाची हवा भरतात, ती कोणती हे पारखलेल्या माणसांनी ओळखायचे, आणि ओळखू येईनाशी होईपर्यंत ती विरळ करीत जायचे. नाकाची साक्ष अशी नोंदवता येते. आमच्याकडे वास ओळखता येतो तो विक्रीच्या वेळी! टायरला दिलेला गुलाबाचा वास व्यापारचिन्ह म्हणून इंग्लंडात १९९६ साली नोंदला गेला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या कार्यालयानेही तो प्रसिद्धीसाठी स्वीकारला. टायरच्या गुलाबाला कायद्याचे नाक आहे. पाड्यावरच्या मोहाला नाही.

हे सारे एका देवस्थान-समाजाच्या मासिकात आम्ही का लिहितो? कारण पंचोपचारांत गंध, पुष्प व धूप असे तीन उपचार नाकाचे आहेत. हुंगलेले फूल देवाला वाहू नये, हा आपल्या घरोघरचा नियम. म्हणजे फुलाचा वास हा देवाचा हिस्सा. मग मखराला प्लॅस्टिकच्या माळा लावतो तेव्हा देवाच्या हिश्शाला काय येते? सहाणेवर खोड उगाळण्यास पुजाऱ्याला वेळ नाही, म्हणून बाटलीतले चंदन. धूप महाग, म्हणून कोंदट गाभाऱ्यात रासायनिक अत्तरात बुडवलेल्या उदबत्त्या. ओंवळांची माळ किंवा सुरंगीचा वळेसर ज्या मुलाच्या नाकाने कधी घेतला नाही, त्याला काय हरवले ते कळणार कसे? ज्यांना देवळातला खोटा वास खपतो, ते रस्त्यावरच्या खऱ्या दुर्गंधीविरुद्ध अर्ज देतील, हे आम्हांस संभवत नाही. म्हणून बिंद्राबिनच्या ताडकेश्वरापासून गोमंतकातील मोठ्या देवस्थानांपर्यंत विश्वस्तांनी हा हिशेब आधी आपल्या गाभाऱ्यात पाहावा.

आणि मग एक ठराव करावा. न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात कानाच्या श्रवणशक्तीनंतर ‘किंवा घ्राणशक्ती’ हे दोन शब्द घालावेत, एवढीच मागणी त्यात असावी. मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. ज्या समितीस हवा असेल तिने संपादकांच्या पत्त्यावर मागवून घ्यावा.