हैदराबाद जवळ, तरीही दूर
उदगीरकरांच्या स्थलांतराचा पेच

- खास प्रतिनिधी

मुले आठवी-नववीत गेली, की उदगीरमधील मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास चर्चेला येतो. बिऱ्हाड हलवायचे, तर कोठे? लातूर, नांदेड, पुणे की हैदराबाद? वरकरणी हा प्रश्न घरभाडे, शिकवण्या आणि नोकरीच्या संधींचा वाटतो. मात्र त्याच्या उत्तराचा मोठा भाग 1956 मध्येच ठरून गेला आहे, याची जाणीव अनेक कुटुंबांना बिऱ्हाड हलवल्यानंतरच होते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात उदगीर हा बिदर जिल्ह्यातील तालुका होता. साहजिकच उच्च शिक्षण, मोठे रुग्णालय आणि वरिष्ठ न्यायालय यांसाठी येथील माणसाची वाट हैदराबादेकडे जात असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बिदर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याला जोडले जाऊन मुंबई राज्यात आले. पुढे 1982 मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि उदगीर त्यात समाविष्ट झाले. मराठी भाषकांना मराठी राज्य मिळाले, हे योग्यच झाले. परंतु भूगोल बदलला नाही. हैदराबाद आजही येथून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे आणि पुणे त्याच्या दुप्पट अंतरावर. भालकी, बिदर, विकाराबादमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग उदगीरवरूनच जातो.

क्रमवारीने प्रश्न सुटत नाही

शहरांच्या क्रमवारीचा आधार घ्यावा, तर तोही अपुरा पडतो. ‘मर्सर’ या सल्लागार संस्थेच्या 2019 च्या राहणीमान क्रमवारीत हैदराबाद आणि पुणे ही दोन्ही शहरे जगात 143 व्या क्रमांकावर होती. माहिती तंत्रज्ञानातील रोजगार दोन्हीकडे आहे. एकीकडे हायटेक सिटी, तर दुसरीकडे हिंजवडी. मग निम्म्या अंतरावरील शहर सोडून दूरचे शहर का निवडायचे? याचे उत्तर शहरांत नसून राज्याच्या सीमेत आहे.

वैद्यकीय प्रवेशाचे उदाहरण घेऊ. शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उर्वरित 85 टक्के राज्याच्या जागांसाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. नोकरीनिमित्त हैदराबादला गेलेल्या पालकाने मुलांनाही तेथील शाळेत घातले, तर हा हक्क गमावण्याची वेळ येते. तेलंगणातही स्थानिक ठरणे सोपे नाही. 2024 च्या नियमांनुसार बारावीपर्यंतची सलग चार वर्षे त्या राज्यात शिकलेली असावी लागतात. दहावीनंतर सीमा ओलांडणारा विद्यार्थी म्हणूनच दोन्ही राज्यांना परका ठरू शकतो. अभियांत्रिकीचे नियम तुलनेने सौम्य आहेत. तेथे आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्रातील अधिवासाचा आधार मिळतो.

अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी हा निर्णय अधिकच जोखमीचा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या व्यक्तीला मूळ राज्यातील दर्जाच्या आधारे नव्या राज्यात आरक्षण मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये दिला आहे. खेरीज 2018 च्या कायद्यान्वये तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली. मध्येच शाळा बदलणाऱ्या मराठी मुलांसाठी ही आणखी एक पायरी होय.

लातूर की नांदेड?

महाराष्ट्रातच राहायचे ठरले, तरी पेच संपत नाही. जिल्ह्याचे ठिकाण असलेले लातूर सर्वांत जवळचे आणि ‘लातूर पॅटर्न’मुळे पालकांच्या पहिल्या पसंतीचे. त्यामुळे वडील उदगीरला दुकानात किंवा नोकरीत आणि आई मुलांसह लातूरला भाड्याच्या खोलीत, अशी दोन चुलींची व्यवस्था रूढ झाली आहे. तथापि, याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. मांजरा धरण भरले तर शहर निर्धास्त, अशी ही स्थिती आहे. नांदेडला गोदावरीचा आणि विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे, 1994 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि 2003 पासून रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे. महसूल आयुक्तालय लातूरला की नांदेडला, यावर 2009 पासून वाद झडत आला. जेथे शासनाचाच निर्णय अडकून पडतो, तेथे सामान्य कुटुंब गोंधळले तर नवल नाही.

एक जुना अडसर मात्र दूर झाला आहे. वैद्यकीय प्रवेशातील 70 टक्के जागा त्या त्या विभागात बारावी झालेल्यांसाठी राखून ठेवणारे 70:30 चे सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाले. बारावी लातूरला केली काय किंवा पुण्याला केली काय, या जागांपुरता आता फरक पडत नाही. सीमा ओलांडली, तर तो पडतो.

म्हणूनच ‘कोणते शहर?’ या प्रश्नाआधी ‘कोणते राज्य आणि मुलांच्या कोणत्या इयत्तेत?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. वैद्यकीय शाखेचे लक्ष्य असेल, तर बारावीपर्यंत महाराष्ट्र सोडू नये. हैदराबादलाच स्थायिक व्हायचे असेल, तर नववीपूर्वी जावे. मुलांची शिक्षणे आटोपलेल्या कुटुंबाने मात्र जुने, जवळचे हैदराबाद निःशंकपणे निवडावे. हा हिशेब दहावीच्या निकालानंतर मांडून उपयोग नाही. तोवर दोन्हींपैकी एक दार बहुधा बंद झालेले असते.