कायदा करणारा एक दिवस आणि कायदा भोगणारी वर्षे

२२ सप्टेंबर ही तारीख कामगार चळवळीने दोन कारणांसाठी लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर १८६९ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणमजवळच्या वलंगैमान या गावी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेने तीन कामगार संहिता एकाच दिवशी मंजूर केल्या. दुसऱ्या दिवशी, विरोधी पक्षांची बाके रिकामी असताना, राज्यसभेने त्यांच्यावर आवाजी मतदानाने शिक्कामोर्तब केले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो समजून घेतला तर संसदेतला एक दिवस कामगाराच्या किती वर्षांना पुरतो हेही समजेल.

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले देवळांचे गाव. आसपास स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात, नाचियारकोविलला पितळी समया घडतात आणि तिरुभुवनमला रेशमी साड्या विणल्या जातात. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी गृहस्थ. याच गावातल्या, 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणून नावाजलेल्या सरकारी कॉलेजात वलंगैमानच्या गरीब भिक्षुकाचा हा मुलगा शिकला आणि शाळामास्तर झाला. मद्रासला हेडमास्तर असताना शास्त्रींनी शिक्षकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. १९०७ साली ते गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत दाखल झाले, आणि १९१५ मध्ये गोखले गेल्यावर पुण्याच्या त्या संस्थेचे अध्यक्षपद कुंभकोणमच्या या मास्तरांकडे आले. आपल्या कामगार चळवळीचे आद्य कार्यकर्ते ना. म. जोशी हे त्याच संस्थेचे सभासद होते, हे इथे ध्यानात ठेवावे.

आता दिल्लीतला एक दिवस पाहू. ७ फेब्रुवारी १९१९. आज जिथे दिल्लीची विधानसभा भरते त्या जुन्या सचिवालयाच्या सभागृहात इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलची बैठक चालू होती. पुढे रौलट कायदा म्हणून कुप्रसिद्ध झालेले विधेयक चर्चेला आले होते. संशयितांवरचे खटले तीन न्यायाधीशांपुढे ज्यूरीवाचून चालवावेत, त्यांच्या निकालावर अपील नसावे, आणि खटल्यावाचूनही माणसाला डांबून ठेवता यावे, अशा त्याच्या तरतुदी होत्या. सरकारचे म्हणणे असे की सभ्य नागरिकाने घाबरण्याचे कारण नाही, हा कायदा फक्त कटवाल्यांसाठी आहे.

शास्त्री बोलायला उठले. ते जहाल नव्हते. सरकारशी सहकार्य करावे असे मानणाऱ्या मवाळांपैकी ते होते, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे सरकारला अधिक झोंबले. त्यांच्या मांडणीचा आशय असा होता: वाईट कायदा एकदा पुस्तकात गेला की तो केवळ वाईट माणसांवरच चालतो असे नाही. सरकारच्या डोक्यात भीती शिरली की निरपराधही त्याच्या फेऱ्यात येतात. भित्री माणसे सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतात आणि सगळ्या समाजावर सावट पडते. शंभर वर्षांपूर्वीचे हे म्हणणे आजही जुने झालेले नाही. गेटसभा घेतली म्हणून ज्याला नोटीस आली आहे, त्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भाषण गाजले, पण मतांची बेरीज आधीच ठरलेली होती. कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत होते. बिनसरकारी हिंदी सभासदांचा विरोध डावलून १८ मार्च १९१९ रोजी विधेयक मंजूर झाले. मदनमोहन मालवीय, जीना आणि मझहरुल हक यांनी कौन्सिलचे राजीनामे दिले. देशभर हरताळ पडले आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. पुढे जनतेच्या रेट्यापुढे सरकारला हा कायदा राबवणे जड गेले आणि १९२२ साली तो रद्द झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. सभागृहात इतके निर्भीड बोललेले शास्त्री बाहेरच्या सत्याग्रहात मात्र उतरले नाहीत. तो मार्ग त्यांना मान्य नव्हता. त्यांचा हा निर्णय आम्हाला पटत नाही, पण त्यामुळे त्यांच्या भाषणाचे मोल कमी होत नाही. कायदा रद्द झाला तो रस्त्यावरच्या माणसांमुळे. तो वाईट का होता हे सरकारच्या तोंडावर, सरकारच्याच दप्तरात नोंदवले गेले ते सभागृहातल्या माणसांमुळे. दोन्ही कामे लागतात. एकाच पायावर चळवळ फार लांब चालत नाही.

त्याच सभागृहात दोनच वर्षांनी दुसरा एक माणूस उभा राहिला: ना. म. जोशी. कामगाराला तेव्हा मताचा अधिकार नव्हता. कामगारांच्या वतीने सरकारने नेमलेले सभासद म्हणून जोशी मध्यवर्ती असेंब्लीत होते. पाठीशी मतांचा गठ्ठा नव्हता, पण हातात प्रश्न होता आणि तो मद्रासहून आला होता. १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांच्या अध्यक्षतेखाली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांचा कारभार पाहणाऱ्या बिनी कंपनीने १९२० साली वाडिया व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध मद्रास हायकोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला. कामगारांना संघटित करणे म्हणजे मालकाशी झालेला नोकरीचा करार मोडायला लावणे, असा त्या दाव्याचा रोख होता. युनियन काढणे हाच गुन्हा ठरू लागला, तर चळवळ करायची कुठे?

मार्च १९२१ मध्ये जोशींनी असेंब्लीत ठराव मांडला की कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी सरकारने कायदा करावा. ठराव मंजूर झाला, पण मालकवर्गाचा विरोध आणि सरकारची चालढकल यांत पुढची चार-पाच वर्षे गेली. अखेर २५ मार्च १९२६ रोजी ट्रेड युनियन कायद्याला मंजुरी मिळाली आणि १ जून १९२७ पासून तो अमलात आला. सात माणसांनी एकत्र येऊन युनियन नोंदवावी ही सोय त्याने केली. कलम १७ ने संघटनेच्या रास्त कामाला फौजदारी कटाच्या आरोपापासून, तर कलम १८ ने दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले. वाडियांवर जे गुदरले ते पुन्हा कोणावर गुदरू नये, ही त्यामागची धडपड होती. हा कायदा अपुराही होता. युनियनला मान्यता देण्याची सक्ती त्याने मालकावर केली नाही. ती आणणारी दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण अमलात कधीच आली नाही. महाराष्ट्रात मान्यतेसाठी १९७१ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

तरीही आज ज्या पावती-पुस्तकावर आपण वर्गणी घेतो, त्यावरचा नोंदणी क्रमांक त्या १९२६ च्या कायद्याची देणगी आहे. जोशी आणि शास्त्री पुढे १९२९ च्या व्हिटली कमिशनवर एकत्र बसले. त्याच कमिशनवर बहिष्कार टाकावा की नाही यावरून नागपूरच्या अधिवेशनात आयटक दुभंगली, हेही विसरू नये. मतभेद तेव्हाही होते. एकीचा धडा आपण महागात शिकलो आहोत.

आता २०२० कडे येऊ. १९ सप्टेंबरला, शनिवारी, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या तीन संहितांची सुधारित विधेयके लोकसभेत मांडली गेली. मंगळवारी ती लोकसभेत आणि बुधवारी राज्यसभेत मंजूर झाली. करोनाचे कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही ठेवला नव्हता. आठ खासदारांच्या निलंबनामुळे विरोधकांनी बहिष्कार घातला होता. मालक, कामगार आणि सरकार यांनी एकत्र बसायची भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर तोवर एकदाही भरली नव्हती. कोट्यवधी कामगारांच्या आयुष्याचे नियम मांडणीपासून मंजुरीपर्यंत पाच दिवसांत बदलले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता अमलात आल्या आणि १९२६ चा कायदा शंभरी भरायला चार महिने उरले असताना इतिहासजमा झाला.

संहितांमध्ये सगळेच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. वाटाघाटी करणाऱ्या युनियनला केंद्रीय कायद्याने मान्यता आणि गिग कामगारांचा कायद्यात उल्लेख या गोष्टी हव्याच होत्या. पण देणे आणि घेणे यांचा हिशेब मांडला पाहिजे. पूर्वी केवळ सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना लागू असलेली संपाच्या नोटिशीची अट आता सर्व आस्थापनांना लागू झाली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संप ठरतो. कपात आणि टाळेबंदीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. वीज वापरणारा कारखाना पूर्वी १० कामगारांचा असला तरी कारखाना ठरत असे, आता २० लागतात. विजेशिवाय चालणाऱ्याला २० ऐवजी ४०. वीज घेऊन पंधरा माणसांवर चालणारी ओतकामाची भट्टी कुंभकोणमजवळ असो वा कोल्हापुरात, ती कालपर्यंत कारखाना होती, आज नाही. भट्टीची धग मात्र तेवढीच आहे.

आणि कायदा लागू असला तरी त्याच्यावर नजर ठेवणारा कोण? संहितेत निरीक्षकाचे नाव बदलून 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' असे केले आहे. नजर नसली की काय होते याची साक्ष कुंभकोणमनेच दिली आहे. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका खासगी शाळेत मधल्या वेळच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग लागली, ती वर्गांवरच्या गवती छपरापर्यंत गेली आणि ९४ मुले जळून मेली. शाळा-इमारतींचे नियम तेव्हाही होते. ते पाहायला कोणी आले नव्हते, किंवा आले त्यांनी पाहिले नव्हते. खालच्या कोर्टाचा निकाल लागायला दहा वर्षे गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या मुलांच्या घरी त्याचा काय उपयोग? जे शाळेच्या छपराचे, तेच कारखान्याच्या छपराचे. तपासणी म्हणजे उद्योगाला जाच असे ज्यांना वाटते, त्यांनी ही ९४ ची संख्या मनात ठेवून बोलावे.

म्हणून कोणत्याही विधेयकाच्या दिवशी संघटनेने तीन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. सभागृहात या विधेयकावर कोण बोलले आणि किती वेळ? ते घडवताना ज्यांना ते भोगायचे आहे त्यांना कोणी विचारले? आणि मंजूर झाल्यावर ते पाळले जाते की नाही, हे पाहायला दारात कोण येणार? १९१९ च्या दिवसाने पहिल्या प्रश्नाचे महत्त्व शिकवले, १९२६ ने दुसऱ्याचे आणि २००४ ने तिसऱ्याचे. २०२० मध्ये तिन्ही प्रश्नांची उत्तरे निराशाजनक होती.

पण निराशेवर अग्रलेख संपवण्याची आमची रीत नाही. रौलट कायदा मंजूर झाला तेव्हाही तो अटळ वाटला होता, आणि तीन वर्षांत तो गेला. जोशी एकटे उभे राहिले तेव्हा त्यांच्या ठरावाला कायद्याचे रूप येईल असे फार थोड्यांना वाटले असेल. संहिता आज अमलात आहेत, पण त्यांची भिस्त नियमांवर आहे, आणि नियम करण्याचे मोठे काम राज्य सरकारांच्या हाती आहे. प्रत्येक शाखेने आपल्या आस्थापनेत कोणती तरतूद लागू झाली, कोणती निसटली याची यादी करावी. २० च्या आतल्या कारखान्यातील कामगारांची नावे घ्यावीत, त्यांना युनियनच्या छत्राखाली आणावे. आपल्या खासदाराला आणि आमदाराला भेटून विचारावे: त्या दिवशी तुम्ही सभागृहात होता का, आणि होता तर काय बोललात?

कुंभकोणमच्या मास्तरांनी सभागृहात बोलायचे कसे ते दाखवले, गोरेगावच्या जोशींनी तेथून मिळवायचे कसे ते दाखवले. बाहेर उभे राहण्याचे काम आपले आहे, कामगार बंधू-भगिनींनो, आणि ते दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.