वाळूवर कुणाचा सातबारा?

दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही आठ माणसं. पाय पसरायचे तर समुद्रावर. ओहोटीची ओली वाळू हेच आमचं अंगण, हीच तालीम, हेच कबड्डीचं ग्राउंड. चार चपला ठेवल्या की गोल झाला.

परवा त्याच वाळूवर दोरी लागली. शिट्टीवाला ओरडला, "ए, इकडं खेळायचं नाय. ही वॉटर स्पोर्टची जागा हाय." दोरीपल्याड छत्र्या, खुर्च्या, जेट-स्की. एका फेरीचं भाडं म्हणजे माझ्या आईची दोन दिवसांची धुणीभांडी. मी विचारलं, "आमी कुठं जायाचं?" म्हणाला, "तुमी लोक घाण करता."

घाण! हा शब्द आमच्या बापजाद्यांच्या ओळखीचा आहे. चवदार तळंही आमच्या हातानं बाटत होतं. १९२३ साली बोले ठराव पास झाला, तळं कागदावर खुलं झालं. ओंजळीत पाणी यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि कोर्टाचा निकाल १९३७ साली! दादरच्या वाळूवर बाबासाहेबांना अग्नी दिला, तिथं दर ६ डिसेंबरला जमणाऱ्या लाखोंकडे बघून नाकाला रुमाल लावणारे हेच.

घटनेच्या कलम १५(२)नं विहिरी, तळी, घाट, रस्ते, सार्वजनिक जागा खुल्या केल्या. जातीवरून अडवायचं नाही. पण खिशावरून अडवायचं नाही, असं तिथं लिहिलेलं नाही. त्याच फटीतून ही दोरी आत शिरली. जात आता तिकिटाचा सदरा घालून येते.

१९९६ साली बियास नदीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, समुद्रकिनारा ही जनतेची ठेव, सरकार नुसतं विश्वस्त. मग विश्वस्तानं ठेव भाड्यानं कशी दिली?

मी नियमांच्या विरोधात नाही. जेट-स्कीच्या धडकेनं माणूस मरतो. भरतीत बुडतात ती आमचीच पोरं. म्हणून नियम पाहिजेतच. पण यंत्राला पाहिजेत, माणसाला नकोत. दोरी पाण्यात बांधा, पोहणारा आणि यंत्र वेगळे करा. वाळू मोकळी सोडा. जीवरक्षक द्या, संडास द्या, नळ द्या. कोळणीची मासळी वाळवायची जागा तिची तिला राहू द्या. घाण दिसते तर आधी कचऱ्याचे डबे ठेवा, मग बोला!

पोरांनो, नुसत्या शिव्या देऊन दोरी सुटत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. परवाना कुणी दिला, किती जागेचा, किती पैशाला? पोच घ्या.

आणि उत्तर येईपर्यंत रोज ओहोटीला या. कबड्डी दोरीच्या आतच होईल.

जय भीम!