हाक एक, हद्दी दोन

दोडामार्गच्या बाजारातून निघालेला माणूस डिचोली तालुक्यात केव्हा शिरला, हे रस्त्याकडेची पाटी वाचल्याखेरीज त्याला कळत नाही. पत्रादेवी ओलांडून बांद्याला जाणाऱ्याची अवस्थाही तीच. सोयरीक, जत्रा, बाजारहाट, नोकरी आणि आजारपण हे सारे व्यवहार या सीमेच्या दोन्ही अंगांनी चालतात. सावंतवाडी-दोडामार्गचा रुग्ण बांबोळीला येतो. तिलारीचे पाणी सिंधुदुर्गातून गोव्यात उतरते. त्या पाण्यासाठी दोन राज्यांनी १९९० साली करार केला. पाणी वाटून घेता आले, तर पोलिसांची सेवा का वाटून घेता येऊ नये, हा प्रश्न आता विचारावयास हवा.

साळ किंवा लाटंबार्से गावाच्या शिवेवर मध्यरात्री अपघात झाला, अथवा एखाद्या एकाकी घरावर चोर चालून आले, अशी कल्पना करा. आपल्या ठाण्याची गाडी त्या वेळी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गस्तीवर असू शकते, आणि सर्वांत जवळची गाडी पलीकडच्या राज्याची असू शकते. घटनेची जागा कोणाच्या हद्दीत, याचा निवाडा होईपर्यंत ती गाडी हलणार नसेल, तर रस्त्यात पडलेल्या जखमीने दोष कोणाला द्यावा? त्याला हवा असतो माणूस; नकाशा नव्हे.

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका आडमुठा नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घ्यावयाची आहे; गुन्हा कोणत्या हद्दीत घडला, हा प्रश्न नंतरचा. पळणाऱ्या आरोपीला पकडण्यासाठी भारतात कोठेही त्याचा पाठलाग करण्याची मुभा पोलिसांना पूर्वीपासून आहे. याहून पुढची तरतूद १८८८ च्या पोलीस कायद्यात सापडते. दोन किंवा अधिक राज्यांच्या भागांचा मिळून एक विशेष पोलीस जिल्हा निर्माण करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. एका राज्याच्या पोलिसांचे अधिकार दुसऱ्या राज्याच्या भूमीवर चालू शकतात, मात्र तेथील सरकारची संमती हवी, असे आपली राज्यघटनाही सातव्या परिशिष्टात सांगते. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

विशेष जिल्ह्याची मागणी आम्ही आज करीत नाही. पेडणे, डिचोली, बांदा आणि दोडामार्ग या चार ठाण्यांपुरता एक लेखी करार पणजी आणि मुंबई येथील सरकारांनी करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. ११२ क्रमांकावर आलेली हाक दोन्हीकडे एकाच वेळी पोचावी; जी गाडी जवळ असेल तिने आधी धावावे, जखमीला हलवावे, जागा राखावी, आणि हद्दीचा कागद मागाहून व्हावा. रात्रीच्या गस्तीचे वेळापत्रक एकमेकांना विचारून आखावे. एका ठाण्यात महिला अधिकारी हजर नसेल, तर शेजारच्या ठाण्यातून तिला बोलावण्याची सोय असावी. होणारा खर्च ठरल्या प्रमाणात वाटून घ्यावा. एकाच राज्यातील शेजारच्या ठाण्यांना तर यासाठी कोणत्याही कराराची वाट पाहावी लागू नये.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. दोघांचे काम ते कोणाचेच नव्हे, असा अनुभव आपल्याकडे जुना आहे. शिवाय बेजबाबदार शस्त्रधारी सत्ता काय करू शकते, हे या सीमेइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. परक्या हद्दीत आलेला पोलीस कोणाला उत्तर देणार, हा प्रश्न म्हणूनच टाळता येणार नाही. त्याचे उत्तर करारातच लिहिलेले असावे. गाडी कोणाचीही धावो, तपास घटनास्थळाच्या ठाण्याचाच राहील. हाक केव्हा आली, कोण निघाले आणि केव्हा पोचले, याची नोंद दोन्हीकडे ठेवली जाईल. तक्रार ऐकणारा अधिकारी दोन्ही बाजूंनी आधीच नेमलेला असेल, आणि त्याचे नाव ठाण्याच्या दारावर लागलेले असेल. सेवा वाटून घ्यावी, जबाबदारी मात्र एकाच्याच शिरावर असावी.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा या सीमेवरचे परकीय पहारे उठले. मागे उरली ती आपल्याच दोन राज्यांमधील एक रेघ. राज्यकारभाराच्या सोयीसाठी ती असावी. तिच्यापायी कोणाचा जीव जाता कामा नये. दोन्ही सरकारांनी या चार ठाण्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवावे. त्यासाठी एखादी दुर्घटना घडण्याची वाट पाहू नये.