‘स्वस्थ पडा’ म्हणणाऱ्यांना

पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारी म्हटल्या की अंगातून निघणाऱ्या वाफा, घाम आणि चिडचिड, एवढीच यादी वाचली जाते. पायांचे नाव कोणी घेत नाही. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हाही पहिला तासभर वाफांवरच गेला. मग पन्नाशीची एकजण जरा संकोचून म्हणाली, “माझे पाय रात्री माझं ऐकत नाहीत.” अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळते, ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवले की क्षणभर बरे, पुन्हा तेच. शेवटी ती उठते आणि स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर फेऱ्या मारते. तिचे बोलून होते न होते तोच आणखी तिघींनी माना हलवल्या. त्यातली एक मी.

लहानपणी बसल्या जागी पाय हलवला तर घरातून लक्ष्मी जाते म्हणून चापट बसायची. आता तेच पाय रात्री हलतात, तर शेजारी झोपलेला माणूस वैतागून कूस बदलतो. डॉक्टरांकडे जावे तर ऐकायला मिळते, “वयाचं आहे. मन शांत ठेवा, शवासन करा, स्वस्थ पडा.” चौघींपैकी तिघींना हेच, जवळजवळ याच शब्दांत सांगितले गेले होते!

शवासनाशी माझे भांडण नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे. रक्तदाबाच्या रुग्णांना शवासनाचा कसा उपयोग होतो, ते मुंबईच्या डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडले. एकेक स्नायू आधी आवळायचा आणि मग सैल सोडायचा, ही एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची पद्धतही १९२९ पासून पुस्तकात आहे. झोप न येणाऱ्या माणसाला या साऱ्याचा उपयोग होतो. मला स्वतःला झाला.

पण पायांच्या या दुखण्याचा स्वभावच उलटा आहे. ते विश्रांतीतच वाढते. स्वस्थ पडले की सुरू होते आणि संध्याकाळनंतर जास्त छळते. स्वीडनच्या डॉ. एकबोम यांनी १९४५ साली त्याचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे; त्याच्याही आधी, १६७२ साली, टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी ते नोंदवले होते. म्हणजे हे आमच्या रिकाम्या डोक्यातून निघालेले नाही. अशा बाईला थेट ‘निश्चल पडून राहा’ सांगणे म्हणजे जिथे खाज सुटते तिथेच कांबळे पांघरायला सांगणे. ती दोन दिवस करून पाहते, जमत नाही, आणि आपलेच मन चंचल म्हणून स्वतःलाच बोल लावते.

आणखी एक गोष्ट. या दुखण्याचा शरीरातल्या लोहाशी जवळचा संबंध आहे. पाळी जाण्याआधीची काही वर्षे अनेकींना भरमसाट अंगावर जाते. ‘या वयात असंच व्हायचं’ म्हणून ते सोसले जाते आणि लोहाचा साठा रिकामा होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या कितीजणींना कोणी पायांबद्दल विचारले असेल? हिमोग्लोबिन ठीक दिसले तरी साठा कमी असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची वेगळी तपासणी करावी लागते आणि ती मागून घ्यावी लागते. (तपासणीशिवाय मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.) मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकारही पाहायला हवेत. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी पाय अधिक वळवळतात, म्हणून कोणती औषधे चालू आहेत तेही डॉक्टरांना सांगावे. शवासन सांगायला अर्धा मिनिट लागतो, हे सगळे विचारायला पंधरा.

आम्ही आता व्यायामाचा क्रम बदलला आहे. आधी हालचाल. झोपण्यापूर्वी भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीवर ठेवून पोटरी हळूहळू ताणायची, मग दुसरा पाय. दहा मिनिटे घरातल्या घरात चालायचे. कोमट पाण्यात पाय बुडवायचे, पोटऱ्या खालून वर चोळायच्या. त्यानंतरच आडवे व्हायचे आणि हात, खांदे, जबडा, पोट असे एकेक आवळून सोडायचे. पाय शेवटी आणि अगदी हलकेच, कारण जोर लावला तर गोळा येतो. श्वास सोडताना लांबवायचा. मधेच वळवळ सुरू झाली तर तिच्याशी झुंजायचे नाही. उठायचे, चालायचे, पुन्हा यायचे. संध्याकाळचा चहा सोडणे मला यातले सर्वांत कठीण गेले. याने सगळ्यांची झोप परत आली असे नाही. एकीला काहीच फरक पडला नाही. तिचे फेरिटिन खूपच कमी निघाले आणि आता तिचे उपचार चालू आहेत.

आणि हे करायचे कुठे? अर्धा तास आणि सहा फूट जमीन, मागणी एवढीच. पण दोन खोल्यांच्या घरात रात्री साडेनऊला ती जमीन टीव्हीपुढे असते आणि तो अर्धा तास भांड्यांत असतो. विरजण लावायचे, सकाळची भाजी निवडायची, सगळे झोपले की दिवा मालवायचा आणि पहाटे पाण्यासाठी सर्वांआधी उठायचे. पाळी गेली की बाई ‘सुटली’ म्हणतात. कशातून सुटली? ‘ताण घेऊ नका’ हे तिला सांगतात, पण तिच्या हातातली भांडी घ्या असे घरातल्यांना कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर आसनाचे नाव लिहिता, तर त्याखाली ‘रात्री नऊनंतर काम बंद’ असेही लिहा की! नवऱ्यांना डॉक्टरांचे अक्षर लवकर पटते.

गार फरशीवर फेऱ्या मारणाऱ्या आमच्या मैत्रिणीने चिठ्ठीची वाट पाहिली नाही. जेवणे झाली की ती आतली खोली लावून घेते. पहिले चार दिवस खरकटी भांडी सकाळपर्यंत तशीच पडून होती. पाचव्या दिवशी मुलाने घासली, म्हणे आदळआपट करत. तिने आतून कडी काढली नाही.